एकोणिसावी खेळी

डुलकी अजून धड लागलेली नाही. दुपारच्या जेवणातली पुरी दिनकर पोतनीसांच्या घशाशी आली आहे आणि खोलीतला पंखा कुरकुरतो आहे. तीन वाजता राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी. साठीच्या पुढच्यांच्या गटात पहिल्या पटावर पोतनीस विरुद्ध चौबळ. उशीखाली चौबळनं दिलेला कागद आहे आणि त्यावर हा डाव आधीच खेळून झालेला आहे. एकतीस खेळ्या, शेवटी बरोबरी.

"पाठ करून टाका," चौबळ मघाशी जेवणाच्या रांगेत म्हणाला होता. "अर्धा अर्धा गुण घेऊ. मी पहिला, तुम्ही दुसरे. खरं खेळून हरलात तर पाचव्यावर जाल, हाती भोपळा. या वयात कशाला रक्त आटवायचं?" आणि हात पुढे केला होता, श्रीखंडानं चिकट झालेला. पोतनीसांना शिसारी आली, पण त्यांनी तो हातात घेतला.

खोलीवर येऊन त्यांनी डाव मनातल्या मनात खेळून पाहिला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चौबळनं घाईत घोळ केला आहे. एकोणिसाव्या खेळीला त्याचा वजीर उघडा पडतो. घोड्यानं नुसता उचलायचा. मग कसला दुसरा नंबर, पहिलाच. पोतनीस चौबळकडे गेले नाहीत. कागद उशीखाली सरकवला आणि डोळे मिटले.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

पायाशी रघू हुद्दार बसलेला आहे. सहा वर्षांपूर्वी गेला तो हुद्दार, ज्याच्या घरी भेटायला जायचं पोतनीसांनी तापाचं निमित्त सांगून टाळलं. अंगात तोच चौकड्यांचा बुशशर्ट, वरचं बटण तुटलेलं.

"रघू? अरे, तू तर..."

"मेलोय. त्यात काय एवढं? चल, घड्याळ चालू झालंय."

खाट आता टेबल आहे. भोवती खेळाचा हॉल पसरलाय, शंभरभर पट, प्लॅस्टिकच्या सोंगट्या, आणि ओल्या मोज्यांचा नि शिळ्या तेलाचा वास. पुढच्याच पटावर सात वर्षांची एक चिमुरडी दोन उशांवर बसली आहे. तिचा बाप मागून तिच्या फ्रॉकच्या खिशात कागद सारतोय. "बाराव्या खेळीला हात मिळवायचा आणि उठायचं, काय?" पोरगी मान हलवते. पलीकडे मिसरूड फुटलेला मुलगा ओठ हलवत खेळ्या पाठ करतोय. त्याच्या शेजारी काठी टेकून बसलेले आजोबाही तेच करतायत. सगळ्यांच्या खिशातून कागदांची टोकं डोकावतायत.

डाव संपायच्या आतच मंचावर बक्षिसं सुरू होतात. सात वर्षांखालील, पंधरा वर्षांखालील, महिला, ज्येष्ठ. एकेक विजेता चढतो, पुढच्याशी हात मिळवतो आणि लगेच तो हात पँटला पुसतो. मग पुढचा येतो, तोही पुसतो.

"काय घाण आहे ही!" पोतनीस म्हणतात.

"हो ना," हुद्दार म्हणतो. "कुणी शिकवलं असेल रे यांना?"

मंच नाही, हॉल नाही. ते दोघं चहाच्या टपरीमागच्या बाकावर आहेत, वयानं तिशीच्या आतले, आणि मध्ये लाकडी सोंगट्यांचा पट आहे, बुडाला हिरव्या बनातीच्या कापडी चकत्या चिकटवलेल्या सोंगट्यांचा. अडतीस वर्षांपूर्वी याच बाकावर दोघांनी मिळून बरोबरीचा डाव रचला होता. तेव्हाही घाई, तेव्हाही घोळ, आणि घोळ रघूच्या बाजूचा. तासाभरानं खऱ्या पटावर दिनकरनं त्याचा वजीर उचलला होता. रघूला तक्रार करता येईना. काय म्हणून करणार, आमची लबाडी यानं मोडली म्हणून? त्यानं डावाच्या नोंदपत्रिकेवर सही केली, हात मिळवला आणि पुन्हा जन्मात पटावर बसला नाही. त्या स्पर्धेची बक्षिसाची ढाल पोतनीसांच्या दिवाणखान्यात आहे. पाहुण्यांना ते ती हौसेनं दाखवतात.

"एकच विचारतो, दिन्या," हुद्दार म्हणतो. "माझा वजीर जातोय हे तुला कुठे दिसलं? पटावर बसल्यावर, का इथेच?"

पटावर, असं पोतनीसांना म्हणायचं आहे. पण तोंडात काहीतरी आहे. जिभेवर पॉलिशची कडू चव येते, दातांना लाकूड लागतं. तो वजीर आहे. लाळेनं बुळबुळीत झालेला काळा वजीर, ना गिळता येत, ना थुंकता येत.

"अडतीस वर्षं चघळतोयस," हुद्दार म्हणतो. "किळस नाही आली?"

"इथेच," पोतनीस कसंबसं बोलतात. हनुवटीवरून लाळ ओघळते आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. "इथेच दिसलं होतं, रघू. मी बोललो नाही."

हुद्दार पटावरचं एक प्यादं सरळ करतो.

"मला अठराव्या खेळीनंतर दिसलं," तो म्हणतो. "बदलता आली असती चाल. पण ठरल्याप्रमाणेच खेळलो. म्हटलं, समोर दिन्या आहे."

दारावर थाप पडते.

पोतनीस उठून बसतात, खोकतात, ओकारी येते तसे वाकतात. तळहातावर काहीतरी पडतं. हिरव्या बनातीची गोल चकती, रुपयाएवढी, ओली. काठाला जुना डिंक आहे.

"पोतनीस! अहो, पावणेतीन झाले. पाठ झालं ना?"

ते चकती मुठीत धरतात, उशीखालचा कागद घेतात आणि दार उघडतात. चौबळ आताच तोंड धुऊन, भांग पाडून आला आहे.

"चौबळ, एकोणिसाव्या खेळीला तुमचा वजीर जातोय."

चौबळ कागद ओढून घेतो, खेळ्या पुटपुटत एकोणिसावीपर्यंत येतो आणि दचकतो. "आईशप्पथ! देवासारखं सांगितलंत. दोन मिनिटांत दुरुस्त करतो."

"नका करू. खेळूच आपण."

"खरं खरं?" चौबळला हसावं का रागवावं कळत नाही. "अहो, हराल! काही मिळायचं नाही हातात!"

"नाही मिळणार," पोतनीस म्हणतात.

चौबळ समजूत काढायला हात पुढे करतो. पोतनीसांची मूठ मिटलेलीच राहते. चकती अजून ओली आहे.