अक्कांनी परत नेलेलं वाण

सकाळी सातला मैथिली मामींचा फोन आला. मामी नात्यातल्या नव्हेत, इथे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात; त्या समोरच्याच घरात राहतात, काही सांगायचं असलं तर फाटकातून हाक मारतात. त्यामुळे रिसीव्हर उचलतानाच मला शंका आली. अंबुजाअक्का गेल्या होत्या, पहाटे, झोपेतच. मामी थोडा वेळ रडल्या. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "नल्लवा, पावम... कै मट्टुम कोंजम..." चांगली बाई होती बिचारी, हात मात्र जरा... पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती. अक्कांचा हात कसा होता, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते सगळ्यांच्या कानावर घालणारी मीच होते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. दूध पातळ लागलं की मी दूधवाल्याच्या चेहऱ्याकडे बघते. नवऱ्याची बदली अंबत्तूरच्या कारखान्यात झाली आणि आम्ही साताऱ्याहून चेन्नईला आलो, तेव्हा भाषा कळत नसल्यामुळे मला सगळं शहरच आपल्याविरुद्ध कट करतंय असं वाटायचं. टी. नगरच्या मागच्या अंगाला घर मिळालं. दुसऱ्याच दिवशी भाजीवाल्याशी मी हातवारे करून भांडत होते आणि मागून आवाज आला, "तो बरोबर बोलतो गो. तूच दोन पावशेर घेतलीस." तंजावरी मराठी मी पहिल्यांदा ऐकली ती अशी, माझ्याविरुद्ध साक्ष देताना. त्या अक्का. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, उंच, किडकिडीत, नाकात दोन्हीकडे चमक्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि मी तीन दिवसांपूर्वी चेन्नईत, तरी त्या दिवसापासून त्यांनी मला माहेरच्या नात्यातली असल्यासारखं वागवलं.

अक्कांच्या परसात कर्दळ होती. तमिळमध्ये तिला कल्वाळै म्हणतात. तंजावरच्या घरून आणलेल्या कंदांपासून वाढवलेली ती लालभडक फुलांची रांग विहिरीपासून मागच्या दारापर्यंत होती. अक्कांच्या यजमानांना, रावांना, त्या कधी चहा विचारायला विसरत, पण कर्दळीला पाणी घालायला विसरत नसत. सुनामीच्या आदल्या वर्षी त्या रांगेतल्या एका झाडाच्या पानांवर पिवळ्याधमक रेघा उमटल्या, शिरांच्या बाजूने, जरीच्या काठासारख्या. अक्का हरखून गेल्या. असली कर्दळ कुणाकडेच नव्हती. त्यांनी ते झाड वाढवलं, त्याचे कंद सुरीने कापून वेगळे केले, आणि नवरात्रात कोलूच्या, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या, बाहुल्या बघायला आलेल्या प्रत्येक सवाशिणीच्या ओटीत नारळ, पान-सुपारीबरोबर एकेक कंद घातला. आम्ही दहा-अकरा जणी होतो. मामींची सून कल्पना तेव्हा नुकतीच गरोदर होती. तिच्या ओटीत अक्कांनी सगळ्यात टपोरा, कोंब फुटलेला कंद निवडून घातला. "हा लौकर फुलंल बग," असं म्हणाल्या.

दिवाळीनंतर अक्कांच्या परसात काहीतरी बिनसलं. बाकीच्या झाडांवरही रेघा आल्या, पण जरीसारख्या नव्हेत. पानं तपकिरी पडून चुरगळू लागली, फुलं डागाळलेली, अर्धवट उमलणारी. अक्कांनी आधी विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला, मग माळ्यावर, मग कडुलिंबावरच्या कावळ्यांवर. एके दिवशी माझ्यावरही. "तू कात्री कोणाच्या झाडाला लावून आमच्यात आणलीस?" मी चिडले आणि चार दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. तेवढ्या दिवसांत त्या एक पान कागदात गुंडाळून, दोन बस बदलून, कुठल्याशा शेतकी प्रयोगशाळेत जाऊन आल्या. पण हे मला नंतर कळलं.

मला त्या वेळी दिसलं ते एवढंच, की गल्लीतली झाडं नाहीशी व्हायला लागली. पहिल्यांदा मामींच्या नळाजवळचं. कल्पनाने स्वतः लावलेलं, हातभर वाढलेलं झाड कंदासकट उपटून नेलेलं, माती मात्र नीट सारखी केलेली. मग कोपऱ्यावरच्या घरातलं. मग माझंही. आता चोर कधी माती सारखी करतो का? मी हिशोब घालायला लागले. ज्या घरातलं झाड जाई, त्या घरी आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी अक्का येऊन गेलेल्या असत. एका दुपारी त्या आमच्याकडे बसल्या होत्या, त्यांच्या नखांत ओली माती होती आणि साडीच्या दुकानाची पिवळी कापडी पिशवी त्यांनी पायांमागे सरकवून ठेवली होती. मी कॉफी दिली, त्यांनी प्यायली, आणि आम्ही दोघीही एकमेकींच्या नजरा चुकवत राहिलो. संध्याकाळी मी मामींच्या घरी जाऊन सांगितलं. अगदी हळू आवाजात, "मामी, मला म्हणायचं नाही, पण..." असं म्हणत. आठवड्यात ते गल्लीभर झालं. दिलेलं झाड परत चोरून नेते, स्वतःचं सुकलं तर दुसऱ्याचं बघवत नाही हिला, असं बायका म्हणू लागल्या. अक्का आल्या की अंगणातल्या कुंड्या आत जाऊ लागल्या.

पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, इथे पहाटे घरातल्या जुन्या चटया, केरसुण्या दारासमोर जाळतात. त्या पहाटे मी दूध घ्यायला बाहेर पडले तर अक्का आपल्या दारात एकट्याच जाळाशी बसल्या होत्या. पोत्यातून काढून त्या जे आगीत टाकत होत्या ते जुनं सामान नव्हतं. वाळलेली पानं, चिरून वाळवलेले कंद. मी ओळखले. त्यातला एक माझ्याच दारचा होता, मी त्याला बांधलेली निळी चिंधी तशीच होती. मला एवढा संताप आला की मी तिथेच म्हटलं, "अक्का, निदान लावायचे तरी होते. जाळायला चोरलेत?"

त्यांनी वर बघितलं नाही. "रोग आहे यांना," म्हणाल्या. "ती सोन्याची रेघ रोगाचीच. मावा कीड एका झाडावरनं दुसऱ्यावर नेते, हौर सुरीपण नेते. औषध नाही. उपटून जाळा, एवढंच मणाले प्रयोगशाळेतले. माणसाला काई होत नाही, झाडालाच. पण ज्यांच्या दारी दिलं त्यांची अस्की बाग जाईल, एक झाड राहायचं नाही."

"मग तसं सांगायचं ना सगळ्यांना! मागून घ्यायचं."

"वाण मागायचं? कुंकू लावून ओटींत घातलेलं?" त्यांनी काठीने निखारे सारखे केले. "कल्पनाचं पहिलं राहिलं नाही, ठाऊक आहे ना तुला? आठ महिन्यांचं गेलं. आतां दुसऱ्या वेळीं मी तिच्या ओटींत रोगाचा कंद घातला. हें सांगूं तिला? पोटावर हात ठेवून बाळंतपणापर्यंत भीत बसूं दे? शास्त्रज्ञ काई मणूं देत, मामी ऐकतील?"

"मला तरी सांगायचं होतंत."

"तुझ्या पोटांत काय राहातं मा?"

मी मामींकडे गेले होते, हे त्यांना माहीत होतं. तरीही त्या नंतरही आमच्याकडे येऊन माझ्या हातची कॉफी पीत होत्या. मी सगळ्यांना खरं सांगते म्हटलं, तेव्हा मात्र त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझा दंड धरला. "चोर मणाले तर मणूं देत. त्यानं कोणाचं काई जात नाही. तू तोंड उघडशील तर तुझं माझं बोलणं संपलं."

पुढच्याच महिन्यात कल्पनाचं बांगड्या भरण्याचं, म्हणजे आपल्या डोहाळजेवणासारखं, मोठं कार्य झालं. सगळ्या गल्लीला आमंत्रण होतं, अक्कांना नव्हतं. मी गेले, काचेच्या बांगड्या घालून घेतल्या, पाच प्रकारचे भात जेवले. कुणीतरी म्हणालं, बरं झालं बोलावलं नाही, जाताना तुळस उपटून नेली असती. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. परत येताना बघितलं तर अक्का आपल्या ओट्यावर बसून वाजंत्री ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "पोर बरी दिसती का गो?" मी म्हटलं, छान दिसते. त्यांनी मान हलवली.

कल्पनाला मुलगी झाली. अक्कांच्या परसात नंतर कर्दळ कधी लागली नाही, त्यांनी तिथे अळू लावलं. वर्षं गेली, कुंड्या पुन्हा बाहेर आल्या, बायका पुन्हा बोलायला लागल्या, पण अक्कांना कुणी आपल्या परसात एकटं सोडत नसे. हे त्यांच्या लक्षात येत नव्हतं असं कसं म्हणू? त्या दारातूनच बोलून परत जात.

दिवसकार्य आटोपलं आणि मला राहवेना. आता अक्का नाहीत, कल्पनाची मुलगी पहिलीत गेली आहे, आता कुणाला कशाची भीती, असं म्हणून मी मामींकडे गेले. मामी नळाजवळ बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. जिथून ते झाड गेलं होतं तिथे त्यांनी आजवर काही लावलेलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला जागा दाखवायला बरी पडते. मी सगळं सांगितलं. प्रयोगशाळा, भोगी, ओटी, सगळं. मामी मन लावून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून येतील, त्या अक्कांचं नाव घेऊन हात जोडतील, असं मला वाटत होतं.

मामींनी हातातली शेंग खाली ठेवली आणि अंगणात दोरीवर उड्या मारणाऱ्या नातीकडे बघितलं. बघतच राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "शैला, हिला पावसाळ्यात धाप लागते ती... त्याच्यामुळे?" मी नाही नाही म्हणत होते, माणसाला त्याचं काही होत नाही असं सांगत होते, पण त्यांना ते ऐकूच जात नव्हतं. "पहिलं गेलं, आणि दुसरीच्या वेळी तिने रोग दिला... कल्पना! कल्पना, इकडे ये!"

कल्पना पदराला हात पुसत दारात आली. मी तिच्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि मामींचा हात धरून म्हटलं, "मामी, खोटं बोलले मी. मेलेल्या माणसाची बाजू घ्यावी म्हणून रचून सांगितलं. झाडाला काही नव्हतं. अक्कांना मोह आवरत नसे, दुसरं काय?"

मामींच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणात उतरला. "मला वाटलंच," असं म्हणून त्यांनी पुन्हा शेंग हातात घेतली.

मामींना मराठी वाचता येत नाही. अक्कांच्या घरचे मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मराठी वर्तमानपत्राची ही पुरवणी आमच्या गल्लीत येत नाही, आणि नावं मी बदलली आहेत. तेव्हा निदान इथे, तुमच्याजवळ, लिहून ठेवते: अंबुजाअक्का चोर नव्हत्या.