निवड गावाची, खोली विल्माची

मिलब्रेत सकाळी दहाची कॉफी चुकवायला माणूस आजारी तरी हवा, नाही तर पेरणीवर तरी. विल्मा काशुबाला शेत नव्हतं आणि आजारी पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. आयुष्यभर तिनं गावातल्या शाळेची बस चालवली, डोळ्यांतलं पाणी गोठेल अशा थंडीतही. निवृत्त झाली आणि पेट्रोलपंपामागच्या कार्मेनच्या कॅफेत पुरुषांच्या टेबलावर येऊन बसू लागली. पहिल्या आठवड्यात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा ती आली नाही, तर टेबल सुनं वाटलं. तिचा आवाज असा, की बसच्या शेवटच्या बाकावरच्या पोरानं उगारलेला हात तसाच खाली घ्यावा. कोट खुंटीला अडकवून ती टेबलाकडे वळायची ती वाक्य बोलतच. आधी काही प्रस्तावना नाही.

मे महिन्यातल्या त्या सकाळी तिचं वाक्य होतं, "लायल, तुझा तो डोंगर मला नको."

लायल फेन्स्केचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, फावल्या वेळात सुतारकाम. त्याच्या शेजारी बसलेला डेल्मर ओलाफसन म्हणजे भूगोलाचा निवृत्त मास्तर. तिघंही मिलब्रे हॅरियर्सचे जन्माचे भक्त. हॅरियर्स हा आमच्या गावाचा बर्फावरच्या हॉकीचा संघ, सोळा ते वीस वर्षांच्या पोरांचा. कुणा शेठजीचा नव्हे, गावानं वर्गणी काढून उभा केलेला. हिवाळा रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जायचा, आणि बर्फ वितळून शेतं काळी दिसू लागली की गावाला दुसरा ताप चढायचा, ड्राफ्टचा. लीगमधले संघ पाळीपाळीनं पश्चिमेकडची पंधरा वर्षांची पोरं नावानिशी निवडायचे. ज्यानं नाव पुकारलं त्याचा तो पोरगा. तळाच्या संघांची पाळी आधी. शरदात शिबिराला यायचं आणि सोळावं लागलं की राहायलाच. यंदा आमची पाळी चौथी होती. इतकी वरची पाळी गावाच्या आठवणीत कधी आली नव्हती, कारण इतकं भिकारही आम्ही कधी खेळलो नव्हतो.

"डोंगर काय म्हणतेस?" लायल म्हणाला. "सहा फूट तीन इंच आहे ब्रॅडवेल. बचावाला उभा राहिला की समोरच्याला आपला गोल दिसत नाही."

"त्याला तरी दिसतो का? वळायचं म्हटलं की अर्धं रिंक लागतं त्याला. मालगाडी बरी."

"वळायला शिकवता येतं, विल्माबाई. उंची शिकवता येत नाही."

"मॅकेय घ्या," विल्मा म्हणाली. "पाइन चॅनलचा कोल्बी मॅकेय. रेजायनाच्या स्पर्धेत पाहिलं मी त्याला. तिघं अंगावर धावले आणि हा असा सटकला, मांजर खुर्च्यांच्या पायांतून जावं तसा."

"मांजरच आहे ते. भिजवून वजन केलं तरी तेवढंच भरेल."

डेल्मरनं चष्मा पुसायला घेतला. म्हणजे आता तो दोघांनाही चूक ठरवणार. "मुद्दा असा आहे की आपल्याला गोलरक्षक हवाय."

"तू गप रे," दोघं एकदमच म्हणाले. कार्मेननं गल्ल्यामागून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हे रोजचंच होतं.

विल्मा रंगात आली होती. टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून तिनं मॅकेय कसा सटकला ते दाखवलं, लायलच्या बशीला वळसा घालून. शेजारच्या टेबलावरचे दोघं खुर्च्या फिरवून बघू लागले. "आणि वजनाचं काय घेऊन बसलास?" ती म्हणाली. "वजन मी वाढवते. माझ्या बटाटा भरलेल्या पिरोग्यांनी भल्याभल्यांची..."

तिथं ती थांबली. पुडी बशीपाशीच राहिली.

नेमका तेव्हाच मर्व्ह आत आला. मर्व्ह हॅरियर्सचा पोरं हेरणारा माणूस. हिवाळाभर गाडीत झोपून गावोगावचे सामने बघायचा. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं होतं आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"तेच तर विचारायला आलो," तो टोपी काढत म्हणाला. "मलाही मॅकेयच हवाय. पण त्याची आई हटून बसलीय. म्हणते, कुठल्या घरात राहणार ते सांगा, त्या घरातल्या बाईशी मी बोलणार, तरच पाठवीन. नाही तर निवडूच नका. उद्या सकाळी नाव पुकारायचंय, विल्मा."

"मग अडलंय कुठं?" लायल म्हणाला. हरल्याचं त्याला वाईट वाटत होतं, तरी मोठ्या मनानं म्हणाला. "विल्माचं घर आहेच."

"मी बंद केलंय ते," विल्मा म्हणाली.

लायलनं कप खाली ठेवला.

"म्हणजे?" लायल हळूच म्हणाला. "तूच घ्या म्हणतेस, आणि ठेवून घ्यायला नाही म्हणतेस?"

विल्मानं साखरेच्या पुड्या गोळा करून डब्यात ठेवल्या, कोट घेतला आणि निघाली. मर्व्हनं दारात तिच्या हातात एक कागदी रुमाल कोंबला. त्यावर पाइन चॅनलचा नंबर होता. "नाहीच म्हणायचं असेल तर तूच सांग तिला," तो म्हणाला. "माझ्याच्यानं होणार नाही."

आमच्याकडे लांबून आलेली पोरं गावातल्या घरांत राहतात. जेवण, खोली, शाळा, आजारपण, सगळं त्या घराचं. विल्माची मुलगी लग्न होऊन ओटावाला गेली, मागची खोली रिकामी झाली, आणि तिच्या नवऱ्यानं, ओरेस्टनं, तिला न विचारता संघाला फोन केला. ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग पहिला पोरगा आला, त्यानं दुसऱ्यांदा वाढून मागितलं, आणि तिचा राग गेला. त्यानंतर किती आले. घामट सामान बाहेरच्या पडवीत वाळत घालायचं, टेबलावर फोन आणायचा नाही, सामन्याच्या दिवशी दुपारी झोपायचं, हे तिचे नियम. पोरं तिला विल्मामावशी म्हणायची. अजूनही दोघंतिघं नाताळला फोन करतात. एकानं तर पोरीचं नाव तिच्यावरून ठेवलंय.

शेवटचा टेगन. ओरेस्ट गेला तेव्हा तो घरात होता. स्मशानातून परतल्यावर त्यानं कुणी न सांगता अंगणातला बर्फ उपसला, आणि रोज उपसत राहिला. आणि मग जानेवारीत, संघांनी एकमेकांत खेळाडू बदलायचे असतात त्या दिवशी, दुपारी फोन वाजला. टेगन दुसऱ्या प्रांतात गेला होता. म्हणजे अजून स्वयंपाकघरात उभा होता, पण गेला होता. विल्मानं त्याची बॅग भरली. तो दारात दोन बॅगा धरून उभा राहिला. मिठी मारायला हात रिकामा नव्हता आणि बॅगा खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही. बस आली. ओव्हनमध्ये कोबीच्या गुंडाळ्या होत्या, दोघांच्या. त्या रात्री ती त्याच खोलीच्या दारात बसून राहिली, आणि सकाळी तिनं संघाला कळवलं की आता नको. कारण विचारलं तर पाठदुखी सांगितली.

संध्याकाळी तिनं नंबर फिरवला. उभ्यानंच. बसलं की बोलणं लांबतं.

"विल्माताई का?" पलीकडचा आवाज सावकाश होता. जॉर्जिना मॅकेय तिथल्या दवाखान्यात कामाला होती, नुकतीच घरी आली होती. "मर्व्ह म्हणाले होते, तुम्ही कराल फोन."

"मी नाही म्हणायला केलाय," विल्मा म्हणाली.

"बरं. मग निदान खरं बोलाल." खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "विचारू का थोडं? पुढं कुणालाही हेच विचारायचंय मला. सराव होतोय."

विल्माला हसू आलं. "विचारा."

"त्याला मासे लागतात. आठवड्यातून दोनदा तरी."

"इथं मिळतात ते तुमच्या तळ्यातल्यासारखे नसतील. पण मिळतात."

"आणि त्याला उदास वाटलं की तो बोलत नाही. भांडी घासत बसतो. घासलेलीसुद्धा पुन्हा."

"मग घासू द्यायची. शेजारी उभं राहून पुसायची. काय झालं म्हणून विचारायचं नाही. पुसता पुसता आपोआप बोलतात."

मग जॉर्जिनानं जे विचारायचं होतं ते विचारलं. "आणि संघानं त्याला दुसरीकडे पाठवलं तर?"

विल्मा बसली.

"तर तासाभरात बॅग भरायची असते," ती म्हणाली. "मी भरते. घडी केलेले कपडे वर ठेवते, म्हणजे नव्या घरी लाज वाटत नाही. बससाठी डबा देते. मग ते जातात. मागच्या वेळी मला सोसलं नाही ते. म्हणून बंद केलं. पाठदुखी वगैरे काही नाही."

"बाकीच्या संघांनी मला सांगितलं की तुमच्या मुलाला आम्ही कधीच सोडणार नाही."

"खोटं बोलतात."

"माहीत आहे मला." जॉर्जिनाचा आवाज बदलला. "ताई, मी तुम्हाला आग्रह नाही करत. पण तो जाईल तेव्हा जिला काहीच वाटणार नाही, तिच्या घरी मी त्याला कशाला पाठवू? मला अशीच बाई हवी होती जिला एकदा सोसलं नाही."

विल्मानं फोन ठेवला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. ती मागच्या खोलीपाशी गेली. दार उघडलं. आत कोंदट वास होता आणि खिडकीत मेलेल्या माश्या होत्या, बाकी काही नव्हतं. तिनं खिडकी वर ढकलली, गादी उचलून पडवीत उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात टाकली, आणि मर्व्हला फोन केला. "खोली आहे," एवढंच म्हणाली, आणि त्याला बोलू न देता ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी कार्मेनचं कॅफे खच्चून भरलं होतं. पेरणीवरची माणसंसुद्धा चिखलाच्या बुटांनी आली होती. डेल्मरनं आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून मधोमध उभा केला, आणि पडदा वर जाण्याआधी प्रेक्षागृहात पसरते तशी शांतता पसरली. पहिलं नाव आलं, दुसरं आलं. दोन्ही अपेक्षित. लायलनं विल्माकडे कॉफीची बशी सरकवली, तिच्या मांजराच्या, म्हणजे मॅकेयच्या, नावानं.

तिसरी पाळी डोंगराळ भागातल्या एका संघाची होती. निवेदकानं कागद उलटला आणि म्हणाला, "पाइन चॅनलहून, कोल्बी मॅकेय."

कुणीतरी हळूच शिवी दिली. विल्मा फोनकडे बघत राहिली. आईनं त्यांनाही बजावलं असणार. त्यांनी तिचं ऐकलं असेल, किंवा ती बधेल असं काही कबूल केलं असेल. त्या गावात भांडी पुसायला शेजारी उभी राहणारी एखादी बाई असू दे, एवढंच तिच्या मनात आलं. हॅरियर्सचा विचार नंतर आला.

चौथं नाव आमचं. "कॅल्गरीहून, ब्रॅडवेल." लायलला मागितलेलं मिळालं होतं, तरी त्यानं टाळी वाजवली नाही. उगीच कॉफी ढवळत बसला. "चांगला आहे पोरगा," डेल्मर म्हणाला, "पण गोलरक्षक..." आणि मग आपणच थांबला.

तासाभरानं मर्व्ह आला. टेबलापाशी उभा राहिला, टोपी हातात फिरवत. "विल्मा, माझ्या हातात नव्हतं गं."

"ठाऊक आहे. या ब्रॅडवेलचं काय ठरलंय? राहायचं?"

"अजून काही नाही. दोन घरं भरलीत, एकाचं बांधकाम चाललंय."

"नंबर दे त्याच्या आईचा."

लायलनं वर पाहिलं. विल्मा फोन घेऊन बाहेर गेली. काचेतून तिला टेबल दिसत होतं. दुसऱ्या फेरीची नावं सुरू झाली होती, आणि डेल्मर हात वर धरून कुणाची तरी उंची सांगत होता.

कॅल्गरीची बाई पहिल्याच घंटेला बोलली. तिला कुणाच्या तरी फोनची वाटच होती. विल्मानं नाव सांगितलं, घर सांगितलं, आणि नियम सांगितले.

"तो खूप खातो," ती बाई म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला एक सांगू का? सगळे त्याच्याकडे बघतात आणि त्याला बाप्या समजतात. लहानपणापासून असंच चाललंय. दिवा घालवून झोप म्हटलं तर अजून झोपत नाही हो तो. पंधराच वर्षांचा आहे."

विल्मा काचेतून आत बघत होती. गेला महिनाभर त्या टेबलावर ती त्या पोराला काय काय म्हणाली होती ते तिला एकेक करून आठवत होतं. डोंगर, मालगाडी, आणि परवा तर त्याहून वाईट. सगळे हसले होते. तीही.

"दिवा चालू राहू दे," ती म्हणाली. "माझ्या झोपायच्या खोलीचं दार त्याच बाजूला आहे, मला त्रास होत नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, पलंग किती लांब लागेल? आहे तो त्याला पुरायचा नाही. लायल म्हणून आमचा एक आहे, त्याला सांगून नवा करून घेते."