गावाच्या टोकाचं पाणी

बदलापूरहून सुटलेली एसटी गडाच्या पायथ्याशी शेवटच्या गावाला थांबली, की टोकाच्या घरातला तो माणूस अंगणातून उठायचा आणि न विचारताच आमच्या बाटल्या हातात घ्यायचा. "भरून न्या. वर थेंब नाय." माठातलं पाणी बाटलीच्या काठापर्यंत ओतायचा आणि चुकून सांडलंच, तर ओला हात मानेवरून फिरवायचा. आम्हाला त्याचं हसू यायचं. इतक्या रविवारांत त्याचं नाव मात्र कुणी विचारलं नाही.

एका एप्रिलात गड उतरताना ओझं नको म्हणून उरलेल्या पाण्याने आम्ही पायातले धुळीचे हंटर बूट धुतले. पुढे वाट चुकलो आणि गावामागच्या कोरड्या ओढ्यात उतरलो. तिथे तो उकिडवा बसला होता. वाळूत हातभर खड्डा खणलेला. पाणी झिरपेपर्यंत थांबायचं, करवंटीने हंड्यात घालायचं, पुन्हा थांबायचं. हंडा अर्धाही भरला नव्हता.

त्याने आमच्या ओल्या बुटांकडे पाहिलं.

"पानी संपलं? द्या इकडं."

"नको, आहे भरपूर," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातली बाटली घेतली, कानाशी हलवून पाहिली आणि करवंटी तिच्यात रिकामी केली.