बायकांच्या बाजूला

“मागं न्हाय, पुढं चला.” आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याच्या कानावर हे शब्द पडायच्या आधी त्याच्या कोपराला पकड जाणवायची. तो मावशींचा हात. एका दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेला, पेशंटला उठवून बसवायची सवय असलेला. तो सुटायचा तो थेट पुढून दुसऱ्या बाकापाशी.

तुम्ही कुठल्याही सभेत, लग्नात बघा. नवखा माणूस दाराजवळची जागा धरतो. नाहीच पटलं तर सटकता यावं म्हणून. मावशींना हे पक्कं ठाऊक होतं. “दाराशी बसलेला पावणा जेवत न्हाय,” त्या म्हणायच्या, “नुसता घास चिवडतोय.” चर्चमध्ये जेवण नसतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

माझं माहेर राधानगरीकडचं, भातशेतीवालं, हिंदू. सासर ख्रिस्ती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी नवऱ्याच्या मागोमाग गेले आणि त्याच्याच शेजारी टेकले. आमच्या चर्चमध्ये डावीकडं बायका आणि उजवीकडं पुरुष, ही रीत अजून आहे. ती मला आधी सांगावी, हे माझ्या शहाण्या नवऱ्याला सुचलं नव्हतं. अख्खी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. सासूबाई लांबून डोळे मोठे करत होत्या आणि मला काही उमगत नव्हतं. तेवढ्यात मावशी आल्या, आणि मला उठवायचं सोडून माझ्या शेजारी पुरुषांच्या बाकावर बसल्या. “एकटी चुकली की दिसतंय,” कानाशी म्हणाल्या, “दोघी चुकलो की चालतंय.” सगळी उपासना आम्ही बाप्यांच्या आवाजात आवाज मिसळून गाऊन काढली. त्या दिवशी माझा या बाईवर जीव जडला तो कायमचा.

गोड बिड होत्या असं समजू नका. जुन्या मंडळींशी त्यांचं रोजचं भांडण. दुसऱ्या बाकावर सुवार्ताकाकू बसायच्या, अगदी हक्कानं. एकदा नव्या माणसांसाठी सरकायला त्या कुरकुरल्या, तशा मावशी म्हणाल्या, “बाक काय तुमच्या आज्ज्यानं करून ठिवलाय?” झालं असं की तो खरंच काकूंच्या आजोबांनीच दिलेला होता. पाठीवर नाव कोरलेलं. काकूंनी बोट ठेवून ते दाखवलं. मावशींनी सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, “मग आज्जा चांगला माणूस हुता. सरका.”

काजल आली ती उन्हाळ्यातल्या एका रविवारी. शिरोली एमआयडीसीतल्या एका मेसमध्ये ती चपात्या लाटायची. तृतीयपंथी. नीट पिना लावलेली साडी, घामेजलेला चेहरा. गाणी ऐकू आली की रस्त्यावर थांबायची, त्या दिवशी धीर करून पायऱ्या चढली. मावशींनी कोपर धरलं, तशी हळूच म्हणाली, “मावशी, मी कुठल्या बाजूला बसू?”

आमच्या चर्चचं दार सगळ्यांना उघडं आहे, असं दर नाताळला माईकवरून सांगतात. आत आल्यावर बसायचं कुठं, ते कुणी बोलत नाही.

“तू सोताला काय समजतीस?” मावशींनी विचारलं.

“बाई.”

“मग बायकांत बसायचं. ह्यात इचारायचं काय हाय?”

दोघी दुसऱ्या बाकापाशी पोचेपर्यंत काकूंनी शेजारच्या रिकाम्या जागेवर पर्स आणि बायबल मांडलं होतं. “इथं कोण तरी येणार हाय,” त्या म्हणाल्या. “आली की,” मावशी म्हणाल्या, “हीच ती.” काकू हलल्या नाहीत. मग मावशींनी पहिल्या बाकाच्या टोकाची आपली जागा काजलला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. गुडघे गेलेली बाई. पाळकसाहेबांनी उपदेश थांबवून सांगितलं, “मावशी, बसून घ्या.” त्या म्हणाल्या, “जागा झाली की बसते.” त्या दिवशीचा उपदेश लवकर आटोपला, त्यात नवल नाही. मी उठून जागा द्यायला गेले, तर माझ्यावरच डोळे वटारले. जागा त्यांना माझी नको होती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

चर्चच्या कमिटीत कुजबुज वाढली आणि पाळकसाहेब मावशींच्या घरी गेले. मी तिथं चहा करत होते. माणूस भला, पण सगळ्यांना राजी ठेवायच्या नादात दमलेला. “हळूहळू घेऊ, मावशी. सध्या तिला मागं वेगळी खुर्ची टाकू.”

“साहेब, लगीन कुणाचं? पत्रिका कुणी वाटली? यजमान देव, आपण नुसतं वाढपी हाय न्हवं? मग पंगतीत कोण बसायचं त्ये वाढप्यानं ठरवायचं व्हय?” साहेबांनी चहा संपवला आणि खुर्चीचं नाव पुन्हा काढलं नाही.

काजलच हरली होती. एका रविवारी ती पायरीवरच म्हणाली, “मावशी, ऱ्हाऊ दे. माझ्यापायी तुम्ही मरशीला. मी न्हाय येत आता.” मावशींनी तिचं कोपर घट्ट धरलं. “न्हाय आलीस तर तुझ्या खोलीवर यीन. वरच्या मजल्यावर हाय न्हवं? ह्या गुडघ्यानं जिना चढाय लावणार हायस मला?” काजल रडत रडत हसली आणि आत आली.

त्याच दिवशी दुसऱ्या गाण्यानंतर सुवार्ताकाकूंनी पर्स मांडीवर घेतली. “बसा की आता दोघीबी,” त्या वैतागून म्हणाल्या, “तुमच्याकडं बघून बघून माझी मान अवघडली.” मावशी काजलला घेऊन बसल्या. काकूंनी मात्र पदर आवरून घेतला होता आणि मध्ये हातभर जागा ठेवली होती. पुढं बरेच दिवस ती तशीच राहिली. काकू काजलशी बोलत नव्हत्या आणि काजलही काही मागत नव्हती. मला राग यायचा. मावशी म्हणायच्या, “बाक सरकला, माणूसबी सरकंल. तू कशाला तडफडतीस?”

गेल्या हिवाळ्यात मावशी अंथरुणाला खिळल्या. मूलबाळ नव्हतं. मेसचं काम उरकून काजल रोज यायची, अंग पुसायची, वेणी घालायची. चर्चच्या बायका डबे घेऊन जायच्या. सुवार्ताकाकूही जायच्या आणि काजलच्या हातचा चहा न बोलता प्यायच्या. एका सकाळी मावशी झोपेतच गेल्या.

आमच्यात मयताला पेटीत ठेवायच्या आधी अंघोळ घालतात. बाईला बायकांनीच. घर लहान, माणसं दाटलेली. आतून कुणीतरी हाक दिली, “गडीमाणसं भाईर व्हा.” पुरुष उठले. त्यांच्याबरोबर काजलही उठली. तिला कुणी काही म्हटलं नव्हतं, आपसूकच उठली आणि अंगणात जाऊन भिंतीशी बसली. मी आत बादलीत पाणी ओतत होते. मी कळशी खाली ठेवली. तिला बोलवायला मी उंबऱ्यापर्यंत गेले, पण माझ्या आधी सुवार्ताकाकू तिथं पोचल्या होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. अंगणात अख्खी मंडळी उभी होती, कमिटीही, पाळकसाहेबही.

“काजल, भाईर काय करतीस?” काकू म्हणाल्या. “बायकांचं काम हाय. चल आत. मावशीचं डोकं तू धर.”

काजल उठली. तिनं पदर खोचला आणि आत आली. मी दार लावून घेतलं.