न थांबणारी कुत्री

काचबिंदूनं नजर गेली तरी बाबांचा एकच हट्ट होता, इतवारीच्या बाजारात एकट्यानं जायचं. पस्तीस वर्षं त्यांनी तिथल्या सराफाच्या पेढीवर सोनं पारखलं होतं. तिथल्या हातगाड्या आणि मध्येच मागं येणारे टेम्पो आठवले की माझ्या छातीत धडकी भरायची. मी हात धरायला गेले की ते झटकून टाकायचे. "काहून मागं लागून राहिली वं? मी का लेकरू आहो?"

म्हणून आम्ही कुत्री आणली. शहराबाहेर एकजण अंधांसाठी कुत्री तयार करून द्यायचा. काळी लॅब्रॅडोर, पाठीवर दांडीचा पट्टा आणि सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र. शिक्का त्याचाच. हॉलमार्क नसेल तर मी साधी अंगठी घेत नाही, आणि बाबांनी कसोटीवर घासल्याशिवाय कुणाचं सोनं कधी खरं मानलं नाही. पण या माणसाला कुणी तपासलंय का, कुठल्या संस्थेची मान्यता आहे का, हे आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकानंही विचारलं नाही. उलट तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला.

"थांबली की पट्ट्याले झटका द्या, काका," त्यानं जाताना बजावलं होतं. "अन् जोरानं म्हणा, चल. लाड नाही करायचे. तुमचा शब्द म्हणजे हुकूम."

ती थांबायची. आमच्या गल्लीतल्या नालीवरची फरशी एका बाजूनं तुटलेली आहे. तिथं आलं की ती पाय रोवून उभी राहायची. बाबांच्यानं झटका देववेना, म्हणून वळण लावायचं काम मी अंगावर घेतलं. मला दिसत होतं, मी ढांग टाकून पलीकडे जायचे, आणि मला तिचं थांबणं म्हणजे नखरे वाटायचे. मी पट्टा ओढायचे, ओरडायचे. तिसऱ्या आठवड्यात तिनं थांबणं सोडलं. शेजारच्या काकू बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोरीपेक्षा हे बरी ऐकते!" मीही हसले.

बाबा पहिल्यांदा इतवारीत निघाले त्या दिवशी मी त्यांना न सांगता वीसेक पावलं मागं चालत होते. भांड्यांच्या गल्लीत एका चेंबरचं झाकण काढून ठेवलेलं होतं. कुत्री त्याच्या काठाशी थांबली.

"चल," बाबा म्हणाले.

तिनं खड्ड्यात पाहिलं. मग मान वळवून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"चल म्हणतो ना!"

मी ओरडले, पण भांड्यांच्या ठोकाठोकीत माझा आवाज कुठं पोचणार? तिनं खड्ड्यापलीकडे उडी मारली आणि बाबा आत दिसेनासे झाले. हातगाडीवाल्यांनी त्यांना वर काढलं तेव्हा ते शुद्धीवर होते, पण खुब्याचं हाड मोडलं होतं. ती बाजूला बसून शेपटी हलवत होती. सांगितलेलं तिनं केलं होतं.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर बाबांनी पुन्हा इतवारीचं नाव काढलं, आणि माझी झोप उडाली. या वेळी मी मान्यता असलेली संस्था शोधली. तिथल्या परीक्षक बाई घरी आल्या. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "ही तुमचं ऐकत नाही, असं कधी होतं का?"

"असं एकदाही नाही झालं," बाबा अभिमानानं म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे अशी कुत्री नापास होते. पुढं धोका असेल तर तिनं मालकाचा शब्द मोडायलाच हवा. ते शिकवणं सगळ्यात अवघड, म्हणून आम्ही कुत्र्याच्या आधी शिकवणाऱ्याची परीक्षा घेतो. हिचं पाहू, काही शिल्लक आहे का."

माझ्याच ओढणीनं त्यांनी माझे डोळे बांधले, पट्ट्याची दांडी माझ्या हातात दिली आणि स्वतः माझा दुसरा दंड धरला. आम्ही गल्लीत उतरलो. अंधारात नालीचा वास जवळ येत गेला. वास अगदी पायाशी आला तेव्हा दांडी थबकली. अगदी क्षणभर. थांब गं बाई, मी मनात म्हणत होते, माझं ऐकू नकोस.

"म्हणा," बाई म्हणाल्या.

"चल," मी म्हटलं.

दांडी पुढं ओढली गेली.