दोनदा वाहिलेले दगड

अख्खी वस्ती जिला माय म्हणे, तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेला सरकारी कागद तिला शब्दन् शब्द पाठ असे. निंदण करता करता ती ‘सदर योजनेअंतर्गत’पासून सुरुवात करी आणि मागच्या बाया हसू दाबत. बोरी अरबच्या बौद्ध वस्तीतल्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं नवा मास्तर म्हणून गेलो. दारव्ह्याच्या ब्लॉक ऑफिसातून येणारे कागद वाचून दाखवणं हे माझं काम, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिला बालवाडीची खोली हवी होती. बाया निंदणाला जात तेव्हा लेकरं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर झोपवलेली असत. मायची नात तिथंच साप चावून गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. खोलीचा अर्ज कुठवर आला, हे मात्र दर आठवड्याला विचारी.

योजना सोपी होती. वस्तीनं आपला वाटा श्रमदानात द्यायचा, उरलेलं सरकार देणार. मी परिपत्रक वाचून दाखवलं त्याच संध्याकाळी काम सुरू झालं. शेतावरून परतणारी प्रत्येक बाई नाल्यातून एक दगड डोक्यावर घेई आणि वस्तीच्या तोंडाशी आणून टाकी. “रिकाम्या डोक्यानं घरी याचं नाई,” एवढाच मायचा नियम. मंजुरी येईपर्यंत खोलीच्या पायाला पुरेल एवढा ढीग झाला.

मंजुरीमागून ओव्हरसिअर आले. टेप काढण्याआधी त्यांनी विचारलं, “दगड केव्हाचे?” मायनं ऐटीत खरं ते सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मंजुरीपूर्वीचं श्रमदान धरलं जाणार नाही, ही परिपत्रकाची शेवटची ओळ होती. ती मी वाचलीच नव्हती. परिपत्रक वाचलं त्या दिवशी मला दारव्ह्याची गाडी गाठायची होती.

ओव्हरसिअर भला माणूस. “मार्चअखेर वाटा दिसला नाही तर मंजुरी रद्द होईल. तारीख पुढची टाकू, कोण पाहतंय?” मी लगेच मान हलवली.

मायनं हलवली नाही. “सायेब, मंडळाचा हा पयला कागद हाय. त्याच्यावर खोटी तारीख काहून टाकाची? दगड मंजुरीनंतर आणाचे ना? मंग नंतरच आणतो.”

तिनं पदर खोचला, ढिगातला एक दगड उचलला आणि नाल्याकडे चालू लागली. “पागल झाली का वं माय?” शेजारीण ओरडली. “नाला काई दूर नाई,” माय न वळता म्हणाली. मग त्याच शेजारणीनं दगड उचलला.

मला वाटलं, चार दगडांवर भागेल. कसलं काय. अख्खा ढीग नाल्यात गेला आणि दगड दगड करून परत आला. असं काही मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही. मीही वाहू लागलो. एका खेपेला धीर करून तिला सांगितलं, “माय, ती ओळ मी वाचली नव्हती.” ती दगड सावरत चालत राहिली. “चुकलं तं चुकलं, गुर्जी. आता खालपर्यंत वाचत जा.”

मार्च संपण्याआधी ओव्हरसिअरनी ढीग मोजला आणि त्याच दिवसाची तारीख घातली. लिहून झाल्यावर कागद त्यांनी मंडळासमोर दोन्ही हातांनी धरला.

पुढे माझी बदली फुलसावंगीला झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा माय खोलीच्या पायरीवर बसली होती, आत लेकरं झोपली होती. “हुकूम वाचा,” ती म्हणाली. मी वाचला.

“अन् खाली?”

खाली सही होती, आणि प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्यांची नावं. मी तीही वाचली, एकही न गाळता. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

“आता जा, गुर्जी,” ती म्हणाली.