तीन पट्ट्यांतलं देशप्रेम

देशप्रेमात घोळ घालायला फार मोठी माणसं लागत नाहीत. एक नीटनेटका जावई पुरतो. हा जावई औषधांच्या दुकानात होता आणि वाकडी ठेवलेली बाटली त्याला आयुष्यात कधी सहन झाली नव्हती. सासऱ्यांचं नवं गाणं त्यांच्याच कॉम्प्युटरवरून छापताना त्याच्या लक्षात आलं, की एकाच गाण्याचे कागद वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहिलेत. फ्लूटची पट्टी एक, ट्रम्पेटची दुसरी, सॅक्सोफोनची तर तिसरीच. आता वय झालं त्यांचं, असं मनाशी म्हणत त्याने मोठ्या मायेने सगळे कागद फ्लूटच्या पट्टीत आणले, छापले आणि ते गाणं बसवणाऱ्या शाळेला पाठवून दिले. सासऱ्यांना सांगितलंसुद्धा नाही. उपकार काय बोलून दाखवायचे असतात?

सासरे म्हणजे मास्तर. शाळांच्या बँडसाठी देशभक्तीची गाणी बसवायची आणि छापायची, हा त्यांचा धंदा. प्रकाशनाची कचेरी जेवणाच्या टेबलावर. टेबलाचा रंग कोणता हे सासूबाई विसरल्या होत्या, आणि घर ताटं मांडीवर घेऊन जेवत होतं. फोन आला की मास्तर आधी जाड्या आवाजात "थांबा, साहेबांना देतो" म्हणत, मग खाकरून मऊ आवाजात साहेब होत. हे सगळ्या शाळांना ठाऊक होतं. काही जण तर बोलणं संपवताना शिपायालाही नमस्कार सांगत.

पण कामात मास्तरांचा एक हट्ट होता. बँडमध्ये चाल वाजवायची ती ट्रम्पेटवाल्यांनी, आणि मागच्या रांगेतल्या ट्यूबावाल्याने जन्मभर नुसतं भॉम भॉम करायचं, हे त्यांना बघवत नसे. "ट्यूबावाल्याचीही आजी ऐकायला आलेली असते," ते म्हणत. नव्या गाण्यात तर शेवटचं कडवं सगळा बँड मिळून चालच वाजवणार होता. त्या कडव्यापायी त्यांनी झोप घालवली होती. शाळांच्या मेळाव्यात गाणं पहिल्यांदा वाजणार, आसपासचे संगीतशिक्षक ऐकणार. त्यांना पटलं तर गाणं शाळाशाळांत जाणार; नाही पटलं तर टेबल मोकळं करून देईन, असा शब्द मास्तर सासूबाईंना देऊन बसले होते.

शाळेत मोठी खोली नव्हती, म्हणून मुलांनी वाद्यांप्रमाणे वेगवेगळ्या वर्गांत सराव केला. ज्याच्या त्याच्या वर्गात ज्याचं त्याचं झकास चाललं होतं. मेळाव्याच्या दिवशी सकाळी सगळे पहिल्यांदाच सभागृहात एकत्र बसले. बँडच्या बाईंनी हात उचलला, आणि तीन देशांच्या फौजा सरहद्दीवर समोरासमोर याव्यात तसा आवाज झाला. खिडकीतली कबुतरं उडाली ती परत आली नाहीत.

जावयाला घेऊन ऐकायला आलेल्या मास्तरांनी दोन कागद मागवून शेजारी शेजारी धरले आणि हे कोणी केलं, असं शांतपणे विचारलं. जावयाने नवीन शर्टाची कॉलर नीट करत, मीच केलं, म्हणून सांगितलं. मग मास्तरांनी त्याला समजावलं, की ट्रम्पेटचा सा म्हणजे फ्लूटचा कोमल नि, सॅक्सोफोनचं तर आणखीच निराळं. म्हणून कागद वेगळे लिहायचे, तेव्हा कुठे सूर एक निघतो.

"सगळ्या रोग्यांना एकच औषध दिलंत, जावईबापू," ते म्हणाले. रागावले की मास्तर जावयाला जास्तच मान देत.

आता नवे कागद छापूनही उपयोग नव्हता. मुलांच्या बोटांना चुकीचंच पाठ झालं होतं. मग मास्तरांनी उठून बाईंना सांगितलं, की ज्यांचं एकमेकांशी पटतं तेवढ्यांनीच एका वेळी वाजवायचं. पहिलं कडवं ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट, दुसरं फ्लूट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, शेवटचं एकटे सॅक्सोफोन. ढोल सगळ्यांचा. शेवटच्या कडव्यावर लिहिलेलं 'सगळ्यांनी मिळून' त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. ते बघून जावयाची कॉलर आपोआप खाली बसली.

संध्याकाळी गाणं वाजलं. वाद्यागणिक सा बदलल्यामुळे दुसऱ्या कडव्याला ते एक पायरी चढलं, तिसऱ्याला आणखी वर गेलं. लोकांना वाटलं, देशच वर चाललाय. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, मग पुढच्या राहिल्या. शेवटी सगळे संगीतशिक्षक मास्तरांभोवती गोळा झाले. हे पायरी-पायरीने चढणं तुम्हाला सुचलं कसं, असं विचारत आम्हालाही हेच पाठवा म्हणाले. मास्तरांनी सगळ्यांच्या शाळा लिहून घेतल्या. कसं सुचलं ते मात्र सांगितलं नाही.

घरी जाताना जावयाला कंठ फुटला. चूक चूक म्हणता म्हणता आपल्या हातून कलाच झाली की, असं त्याला वाटायला लागलं होतं. मग राहवेना.

"मग बाबा, आता शाळांसाठी कुठलं छापायचं?"

"माझं," मास्तर म्हणाले, "तुमचं आज ऐकलं सगळ्यांनी, तेवढं पुरे."